नवीन शिकले आणि माझ्याच अंगणवाडीत कुपोषित मुलं वाढली

(पत्र मोठं होतं, थोडक्यात देतेय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

पत्र लिहिणाऱ्या ताई मराठवाड्यातल्या एका गावात १८ वर्षं अंगणवाडी सेविका आहेत, वय ४४, शिक्षण बारावी. मध्यंतरी तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यात उंची, वजन, दंडघेर कसं मोजायचं ते परत शिकवलं. घरी आल्यावर त्यांनी हौसेने सगळ्या ३६ मुलांची मोजमापं नव्याने घेतली ("पाडव्यानंतर सगळी पोरं गावात आली तेव्हा घेतली, आणि आमचा भिंतीवरचा जुना टेप जमिनीपासून दोन बोटं वर चिकटवलेला होता हे तेव्हा लक्षात आलं"). आधी त्यांच्या यादीत सॅम (तीव्र कुपोषित) एकही नव्हतं आणि मॅम (मध्यम कुपोषित) दोन होती. आता सॅम दोन आणि मॅम सहा झाली. बीटच्या (आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या) मासिक सभेत नवीन मुख्यसेविका, म्हणजे सेविकांच्या कामावर देखरेख करणाऱ्या, वय २६, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्याकडेच कशी वाढली, आधी काय करत होतात?" आणि नंतर बाजूला घेऊन, "परत एकदा मोजून बघा." एका सॅम मुलाची आई भांडायला आली. बरोबरच्या सेविका म्हणतात जसं चालत आलंय तसं लिहायचं, कोण बघतंय. घरचे म्हणतात आता या वयात कशाला. पुढच्या महिन्यात जिल्ह्याला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला त्यांचं नाव लागलंय आणि जायची इच्छा नाही, कारण "शिकलं की आपलीच चूक सापडते". त्यांना झोप लागत नाही. चार वर्षांपूर्वी अंगणवाडीत एक मुलगी होती, फार बारीक, आता पहिलीत आहे, तिला आपण ओळखलंच नाही का हे डोक्यातून जात नाही. शेवटी एक प्रश्न: मुक्त विद्यापीठातून बीए करून मुख्यसेविकेची परीक्षा द्यावी का?

ताई,

आधी त्या भिंतीवरच्या टेपबद्दल बोलूया, कारण तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात आणि मला वाटतं बरीचशी गोम तिथेच आहे. दोन बोटं वर म्हणजे प्रत्येक मूल कागदावर अडीच-तीन सेंटीमीटर बुटकं झालं. आपण सॅम-मॅम काढताना तक्त्याला विचारतो की एवढ्या उंचीच्या मुलाचं वजन किती हवं, आणि दोन-अडीच वर्षांच्या आसपासच्या मुलांत दर सेंटीमीटरमागे ते उत्तर दीडशे-दोनशे ग्रॅमने सरकतं. म्हणजे तीन सेंटीमीटर उंची कमी लिहिली की त्या लेकराला तक्त्याने जवळजवळ अर्धा किलोची सूट देऊन टाकली. लाल पट्ट्यातलं (म्हणजे सॅम) मूल पिवळ्यात (मॅममध्ये) आणि पिवळ्यातलं हिरव्यात. उलट त्याच टेपमुळे वयाच्या मानाने उंची बघताना काही धडधाकट पोरं उगाच खुजी दिसली असतील, ते कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

टेप चिकटवताना कुणीतरी खालची फरशी धुताना भिजू नये म्हणून वर घेतला असणार, मी पैज लावते. यात कसली आली तुमची नालायकी? (तुम्ही पत्रात हाच शब्द वापरलाय आणि दोनदा वापरलाय.)

आणि दुसरं, १८ वर्षं मी चुकीचं करत होते असं जे तुम्ही धरून बसलाय ना, ते मला पटत नाही. तुम्ही लागलात तेव्हा वयानुसार वजन बघायचं असायचं, कुपोषणाच्या ग्रेड १ ते ४, आठवतंय? सगळा हिशोब वजनकाट्यावर, उंची कुणी विचारतच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने वाढीचे नवीन तक्ते २००६ मध्ये काढले, ते आपल्याकडे अंगणवाडीत उतरले २००८ नंतर, आणि स्टेडिओमीटर-इन्फँटोमीटर (मुलाला उभं करून आणि झोपवून उंची मोजायची साधनं) ही भानगड गावोगाव पोचली ती पोषण अभियान २०१८ मध्ये सुरू झाल्यावर हळूहळू, तीही सगळीकडे एकदम नाही. म्हणजे मधल्या काळात तुम्हाला विचारलेला प्रश्नच वेगळा होता आणि त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देत होतात. वयानुसार वजन कमी असणं आणि उंचीच्या मानाने सुकलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकात बसलेलं मूल दुसऱ्यात बसेलच असं नाही. दंडाच्या टेपचंही तसंच, एखादं पोर टेपवर लाल येतं आणि उंची-वजनात नाही, किंवा उलटं, तेव्हा गोंधळून जायचं नाही, दोन्हीपैकी कशातही लाल आलं तरी ते लालच धरायचं.

आता मुख्यसेविका.

सभेत चारचौघींत त्या जे बोलल्या ते वाईटच बोलल्या, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. १८ वर्षं काम केलेल्या बाईला २६ वर्षांच्या मुलीने असं विचारणं झोंबतंच. पण "परत एकदा मोजून बघा" हे वाक्य तुम्ही "आकडे कमी करा" असं ऐकलंय, आणि मला ते तसंच होतं याची खात्री वाटत नाही. असेलही, मी तिथे नव्हते. पण मोजमापाच्या शास्त्रात परत मोजणं हा अपमान नाही, नियम आहे. ते जागतिक तक्ते ज्या अभ्यासातून तयार झाले त्यात प्रत्येक मुलाला दोन जणींनी वेगवेगळं मोजलं आणि उंचीत ७ मिलिमीटरपेक्षा किंवा वजनात १०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर दोघींनी परत मोजलं. त्या सगळ्या शिकलेल्या, खास निवडलेल्या बायका, तरी त्यांच्यावरही कुणी एका आकड्यावर विश्वास ठेवला नाही.

तेव्हा मी तुमच्या जागी असते तर त्या वाक्याचा सरळ अर्थ धरून चालले असते. म्हणाले असते, मॅडम बरोबर आहे तुमचं, परत मोजूया, पण तुम्ही या, आपण दोघी मिळून मोजू, कारण दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायला तसेही चार हात लागतात, एक डोकं धरते आणि एक गुडघे दाबून पायाची फळी सरकवते. ती आठच मुलं घ्या. प्रत्येक मूल एकदा तुम्ही मोजा, एकदा त्या, आकडे एकमेकींना न दाखवता लिहा आणि मग ताडून बघा. आकडे जुळले तर उद्या सभेत त्या तुमच्या बाजूने बोलतील, त्यांना बोलावंच लागेल. नाही जुळले तर दोघी शिकाल. आणि खरं सांगू का, त्या २६ वर्षांच्या मुलीने रडणारं सव्वा वर्षाचं मूल इन्फँटोमीटरवर कितीदा झोपवलंय ते एकदा बघाच, बऱ्याचदा असं असतं की वरच्या माणसाला आपलं अज्ञान झाकायचं असतं आणि आवाज तिथून येतो.

आणि समजा त्यांना खरंच आकडेच कमी करून हवे असतील तर? तर भांडू नका, वाद घालू नका, एवढंच म्हणा की मॅडम, भेट वहीत तसा शेरा लिहून द्या म्हणजे मी तसं करते. लिहून कुणी देत नाही. विषय तिथेच संपतो. तरी दबाव आलाच तर संघटनेतल्या एखाद्या जुन्या ताईंना सोबत घ्या, एकटीने जाऊ नका.

जुने आकडे मात्र खोडू नका, व्हाइटनर तर अजिबात नको. नवीन तारीख टाका आणि शेऱ्यात लिहा की या तारखेपासून स्टेडिओमीटरवर, जुना टेप काढून टाकला. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की संख्या का वाढली, तर उत्तर तुमच्या वहीत तयार आहे.

बरोबरच्या सेविका म्हणतात कोण बघतंय. त्यांच्यावर मी चिडणार नाही, मानधन वेळेवर नाही, फोन हँग होतो, पोषण ट्रॅकर ॲप भरायचं, चेहरा पडताळणी करायची, आहार वाटायचा, निवडणुकीची कामं, सर्व्हे, त्यात आणखी लाल मुलं म्हणजे आणखी कागद, कुणालाही असं वाटेल. पण ताई, यादीत नाव असेल तरच ग्राम बाल विकास केंद्रातला जादाचा आहार मिळतो, तरच पोषण पुनर्वसन केंद्रात खाट मिळते आणि आईला तिथे राहिल्याबद्दल बुडीत मजुरी मिळते. वहीत नसलेलं मूल सरकारच्या लेखी ठणठणीत असतं. म्हणून "जसं चालत आलंय तसं लिहायचं" हा पर्याय मी तुम्हाला देणार नाही, बाकी सगळ्यावर बोलू.

एक गोष्ट मात्र तुमच्याच पत्रात आहे आणि तुम्ही तिच्याकडे बघितलं नाही. पाडव्यानंतर मोजलं, सगळी पोरं गावात आली तेव्हा. तुमचा भाग ऊसतोडीचा, बरोबर? म्हणजे दिवाळीच्या आसपास आईबाप कोयत्यावर गेले, पोरं फडात, पाचटाच्या कोपीत (झोपडीत), पहाटे थंडीत उठून ट्रॅक्टरवर, दुपारचं खाणं म्हणजे सकाळची भाकरी, चार-पाच महिने ना अंगणवाडी ना लस ना वजन. मग पाडव्याला परत. अशा वेळी मोजल्यावर संख्या वाढलेलीच दिसणार, तिथे टेपचाही दोष नाही आणि तुमचाही नाही. आठ मुलांपैकी किती जण फडातून आलेत ते आधी वेगळं काढा. मला वाटतं निम्मी तरी निघतील, नाही निघाली तर मी चुकले. पण निघाली तर मुख्यसेविकेला सांगायला तुमच्याकडे नुसता आकडा नाही, कारण आहे, आणि पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी, गाव रिकामं व्हायच्या आत, मोजून ठेवायचं आणि आईच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड द्यायचं म्हणजे ज्या गावाच्या शिवारात कोपी पडेल तिथल्या अंगणवाडीत ती दाखवू शकेल. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नसेल, हे तुम्हीच त्यांना शिकवायचं.

भांडायला आलेल्या आईचं.

त्या बाईला काय ऐकू आलं असेल बघा. तुम्ही म्हणालात "तुमचा मुलगा सॅममध्ये आलाय", तिला ऐकू आलं "तू पोराला खायला घालत नाहीस". त्यात शेजारीण म्हणाली असणार की अंगणवाडीचं खाऊनच असं झालं. मी स्वतः हा शब्द आईसमोर वापरणं केव्हाच सोडलंय. कुपोषित हा शब्द रजिस्टरचा आहे. आईला सांगायचं, वजन भरत नाहीये गं याचं, आपण दोघी मिळून बघूया काय करता येतं. आणि मग सल्ला देऊ नका, विचारा. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं, कुणाच्या ताटात खाल्लं, आजारी कधी पडला होता. नव्वद टक्के भाषणं आपण न विचारता देतो (हा टक्का मी हवेतून काढलाय, पण तुम्हाला पटेल).

बहुतेक वेळा काय निघतं तर वरणाचं पाणी. वरचं पाणी पोराला, खालचं घट्ट वरण मोठ्यांना. बाळाचं पोट एवढंसं, ते पाण्यानेच भरून जातं. घट्ट वरणात भाकरी कुस्करून वर चमचाभर तेल किंवा तूप, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, आणि स्वतंत्र वाटी, म्हणजे किती गेलं ते आईला कळतं. शेंगदाण्याचा कूट आपल्याकडे प्रत्येक घरात असतो, तो भाजीत पडतो पण लेकराच्या वाटीत पडत नाही. आणि ते पाच रुपयांचं पाकीट, त्याबद्दल मात्र लगेच बोलू नका, तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोला, कारण ते पाकीट बहुतेक वेळा आजोबा आणतात आणि सुनेची तिथे काही चालत नाही.

आणि हे तुम्हाला माहितीच असणार तरी लिहिते, कारण हे वाचणाऱ्या नवीन मुलीही आहेत. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून खड्डा राहतोय का बघायचं, दोन्ही, एका नाही. खड्डा राहिला, किंवा मूल खायलाच मागत नाही, मलूल पडलंय, ताप आहे, उलट्या-जुलाब थांबत नाहीत, श्वास जोरात चाललाय, तर घरच्या सल्ल्याची वेळ गेली, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. बाकी सगळं नंतर. दंडाचा टेप ६ महिने ते ५ वर्षांच्याच मुलाला, डाव्या दंडाला, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर, मध्य काढताना हात कोपरात वाकवायचा आणि मोजताना सैल सोडायचा. ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल, १२.५ च्या खाली पिवळा. टेप आवळला तर निम्मं गाव लाल होईल.

आता तुमचा मुख्य प्रश्न, प्रशिक्षणाला जावं की नाही.

मी स्वतः बरीच वर्षं सेविकांना शिकवत होते, पूर्वी अंगणवाडी प्रशिक्षण केंद्रं होती तेव्हापासून. तेव्हा नवीन सेविकेचा जॉब कोर्स महिनाभर चालायचा, बायका राहायलाच यायच्या, लेकरं घेऊन. तर एकदा मी उंची मोजायला बाहुलीवर शिकवत होते, छान समजावून सांगितलं, आणि मागून एक ताई म्हणाल्या, "मॅडम, तुमची बाहुली रडत नाही ना." सगळ्या हसल्या, मीही हसले, पण रात्री मला ते बोचत राहिलं कारण बाई शंभर टक्के खरं बोलत होती. मी त्या वर्षी दोनशेच्या वर बायकांना बाहुलीवर शिकवून पाठवलं होतं, त्यांतल्या कितीजणींनी गावात जाऊन भिंतीवर टेप चिकटवला असेल कुणास ठाऊक. म्हणजे तुमच्या त्या दोन बोटांत माझंही एक बोट आहे असं समजा.

हल्लीची प्रशिक्षणं कशी होतात हेही तुम्हाला माहितीये. दिल्लीहून राज्यात, राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात, तालुक्यातून तुमच्यापर्यंत. लहानपणी कानगोष्टी खेळायचो ना, पहिलीच्या कानात "आंबा पिकला" आणि शेवटची उठून सांगते "तांब्या चुकला", तसं. मधे बॅनर, ग्रुप फोटो, चहा, सह्या. २०२३ मध्ये आलेलं 'पोषण भी पढाई भी' हे प्रशिक्षण सेविकेला तीन दिवसांत तीन वर्षांखालच्या बाळाच्या वाढीला चालना देणं, पुढच्या मुलांचं पूर्वप्राथमिक, दिव्यांग मुलं आणि वर पोषण एवढं सगळं शिकवतं. साहित्य चांगलं आहे, मी वाचलंय, पण तीन दिवस!

याच्या उलट आपल्याच राज्यात काय झालंय ते बघा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा श्वास मोजायला, न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. साधी गोष्ट, दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५०, पाच वर्षांपर्यंतचं ४०. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते काम छापून आलं, त्या ३९ गावांत नवजात मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात ना, त्याचं मूळ तिकडे आहे. पण लोक ६२ टक्के सांगतात आणि एक गोष्ट सांगायची विसरतात, की दर पंधरा दिवसांनी डॉक्टर त्या गावात जायचे, त्या बाईचं काम बघायचे, नोंदी तपासायचे, चुकलं तिथे दुरुस्त करायचे. शिकवणं वर्गात संपलं नव्हतं.

आणि तुमच्या शेजारचंच जामखेड. डॉ. रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं, गावोगावच्या आरोग्यसेविका, कितीतरी जणी निरक्षर, त्या दर आठवड्याला केंद्रावर यायच्या, मुक्काम करायच्या, कुणाच्या गावात काय झालं ते सांगायच्या, एकमेकींना विचारायच्या. वर्षानुवर्षं. सर्टिफिकेट कुठून दाखवणार त्या, पण बाळंतपणं केली.

म्हणून माझं म्हणणं, जा तुम्ही पाच दिवसांच्या त्या प्रशिक्षणाला, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. तीन प्रश्न वहीत लिहून जा, तुमच्या गावातले खरे. फडातून आलेल्या मुलाचं वजन किती दिवसांत भरायला हवं आणि नाही भरलं तर कधी पुढे पाठवायचं. दोन वर्षं पूर्ण झालेलं पण उभंच न राहणारं मूल कसं मोजायचं (झोपवून मोजा आणि ०.७ सेंटीमीटर वजा करा, उलट दोन वर्षांखालचं झोपायलाच तयार नसेल तर उभं मोजून ०.७ मिळवा, पण हे त्यांच्या तोंडून ऐका आणि करून दाखवा म्हणा). तिसरा तुमचा तुम्ही काढा. आणि हट्ट धरा की एक सकाळ तरी जवळच्या अंगणवाडीत खऱ्या मुलांवर सराव घ्या. तुम्ही १८ वर्षांची सेविका आहात, तुम्ही मागितलं तर बाकीच्या मान डोलावतील, सगळ्यांना तेच हवं असतं.

"शिकलं की आपलीच चूक सापडते" असं तुम्ही लिहिलंय. सापडतेच. मला शिकवताना सापडली, तुम्हाला शिकताना. ज्या बाईला तीन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर घरी जाऊन टेप जमिनीपासून कुठे आहे ते बघायचं सुचतं ती किती कमी जणींपैकी असते हे तुम्हाला कळत नाहीये बहुतेक. बाकीच्यांचेही टेप बघा एकदा, म्हणजे कळेल.

खरंच बघा. हे मी सगळ्याच ताईंना सांगेन, सेविका असा, आशा असा, उपकेंद्राच्या नर्सबाई असा नाहीतर शहरात खासगी बालवाडी-पाळणाघर चालवत असा. आपल्या बीटमधल्या, आपल्या भागातल्या तिघी-चौघी गाठा. महिन्यातून एकदा, मासिक सभेच्या दिवशीच तासभर आधी, किंवा लसीकरणाच्या दिवशी सगळ्या जमतातच तेव्हा, एकमेकींची दोन-दोन मुलं मोजायची. आकडा झाकून. फरक आला की कारण शोधायचं, काटा शून्यावर होता का, खाली चटई होती का, पोराच्या कंबरेला करदोटा आणि गळ्यात ताईत किती ग्रॅमचा होता, डोक्यावरची शेंडी-पिना काढल्या का. आशाताईंनी श्वास एकाच बाळाचा दोघींनी एकाच मिनिटात मोजायचा आणि आकडा मग सांगायचा. पाळणाघरवाल्यांनी मुलगा गुदमरला तर काय करायचं ते एकमेकींना करून दाखवायचं, नुसतं व्हिडिओ फॉरवर्ड करून नाही. याला जीआर लागत नाही, बजेट लागत नाही, फक्त एकमेकींसमोर चुकायची तयारी लागते आणि ती सगळ्यात अवघड असते हे मान्य. पहिल्यांदा तुम्ही चुका, मुद्दाम सांगा तुमची टेपची गोष्ट. मग बाकीच्यांची तोंडं उघडतात.

बीएचं सांगते पटकन. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून करता येतं, कितीतरी सेविकांनी केलंय, अभ्यास जमेल तुम्हाला. पण मुख्यसेविकेच्या भरतीला वयाची आणि सेवेची अट असते, ती आधी प्रकल्प कार्यालयात जाऊन लेखी नियमात बघा, कुणी तोंडी सांगितलं त्यावर तीन वर्षं घालू नका. वय बसत असेल तर जरूर करा. बसत नसेल आणि तरी शिकायची इच्छा असेल तर मग बीएच का, असा माझा प्रश्न आहे. आणि रागाच्या भरात, त्या मुलीला दाखवून द्यायचं म्हणून करणार असाल तर दोन महिने थांबा, राग गेल्यावरही इच्छा उरली तर फॉर्म भरा. घरचे म्हणतात या वयात कशाला, त्यांना सांगा अजून वीसेक वर्षं नोकरी बाकी आहे. माझ्या वर्गात पंचावन्नच्या बायका यायच्या, चष्मा विसरायच्या पण प्रश्न विसरायच्या नाहीत.

राहिली ती मुलगी.

तिला तुम्ही ओळखलं नाही का, हे मला इथे बसून सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही रात्री जागून कळणार नाही. काही मुलं बांध्यानेच बारीक असतात, खेळतात, खातात, वाढतात. काहींचं रक्त कमी असतं, काहींना जंत असतात, काहींच्या घरात खरंच कमी असतं. चार वर्षांपूर्वीची ती आता तुमच्या हातात नाही, आजची मात्र शाळेत पहिलीच्या वर्गात बसलीये आणि ती शाळा बहुतेक तुमच्या अंगणवाडीच्या आवारातच किंवा भिंतीला लागून असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, मुलांची आरोग्य तपासणी करणारं पथक, जो कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून देशभर सुरू झाला, अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि शाळेत एकदा. १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यांच्या यादीत येतात. शाळेची तारीख कधीची आहे ते मुख्याध्यापकांना विचारा, आणि लांब असेल तर अंगणवाडीला पथक येईल त्या दिवशी तिच्या वर्गाच्या बाईंना सांगून तिला तेवढ्यापुरतं बोलावून घ्या, डॉक्टर नाही म्हणत नाहीत. दंडाचा टेप तिला लावू नका, तिचं वय गेलं त्याचं. उंची आणि वजन घ्या, तुमच्याच नवीन स्टेडिओमीटरवर, आणि डॉक्टरांच्या हातात चिठ्ठी द्या.

मधल्या सुट्टीत एकदा जाऊनच या. डब्यात काय असतं तेही दिसेल.